शांत कोअरच्या शोधात : इंटरप्टचा सत्तर वर्षांचा इतिहास

अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेत २००३ च्या सुमारास एका विलक्षण चोरीचा छडा लागला. चोरीला गेला होता वेळ, आणि तोही जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या महासंगणकाचा.

यंत्राचे नाव एएससीआय क्यू. एकूण ८,१९२ प्रोसेसर, प्रत्येकी चार याप्रमाणे २,०४८ पेट्यांत बसवलेले. अण्वस्त्रांची प्रत्यक्ष चाचणी न करता त्यांच्या स्थितीचा अंदाज गणिताने बांधणे हे त्याचे काम. जून २००३ च्या जागतिक यादीत जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’खालोखाल त्याचा क्रमांक होता. परंतु ‘सेज’ नावाच्या एका महत्त्वाच्या प्रोग्रामला या यंत्रावर अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. प्रोसेसर निर्दोष होते, जोडणीचे जाळेही ठीक होते. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की मोठ्या प्रमाणावर काम चालू असताना प्रत्येक पेटीतील चारपैकी एक प्रोसेसर रिकामा ठेवला, तर काम अधिक वेगाने होई. चौथा हिस्सा मजूर घरी पाठवावेत आणि विहीर लवकर खणून व्हावी, असाच हा प्रकार.

फॅब्रिझियो पेट्रिनी, डॅरेन कर्बिसन आणि स्कॉट पाकिन या तिघांनी या शोधावर लिहिलेल्या निबंधाला रहस्यकथेला शोभेल असे नाव दिले होते. त्यांचा गुन्हेगार समजून घ्यायचा, तर त्याचा जन्म झाला त्या काळात, म्हणजे जवळजवळ अर्धशतक मागे जावे लागते. आणि तेथे गेल्यावर दिसते ते असे, की हा गुन्हेगार मुळात वेळ वाचवण्यासाठीच जन्माला आला होता.

आरंभीच्या संगणकांना बाहेरच्या जगाची चाहूल आपोआप लागत नसे. टेप वाचून झाली का, छपाईयंत्र मोकळे झाले का, हे प्रोग्रामने स्वतः पुन्हा पुन्हा विचारायचे. पोस्टमन आला का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला दार उघडून बघावे, तसे. लाखो डॉलर किमतीचे यंत्र दारात उभे राहून वाट पाहण्यात दिवस घालवी.

यावर उपाय असा, की दाराला घंटा बसवायची. घंटा वाजली की यंत्राने हातातले काम आहे तेथे ठेवायचे, कुठवर आलो याची खूण करायची, दाराशी जाऊन काय ते बघायचे आणि परत येऊन खुणेपासून पुढे सुरू करायचे. हाच इंटरप्ट. १९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने लष्करासाठी बांधलेल्या डायसिॲक या संगणकात बाहेरील उपकरणाच्या संकेतावर प्रोग्राम बदलण्याची सोय होती. त्यानंतरच्या युनिव्हॅक ११०३ए या यंत्राचे नाव या संदर्भात अधिक घेतले जाते. क्लीव्हलँड येथील लुइस प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यांत विमानाच्या भागांची परीक्षा चाले. बोगद्यातून मोजमापे आली की ती तत्काळ हिशेबात घ्यावी लागत. पण उरलेल्या वेळात यंत्राने दुसरे संथ काम करत राहावे अशीही अपेक्षा असे. बोगद्याची हाक आली की संथ काम बाजूला ठेवायचे. म्हणजे इंटरप्टचा जन्मच मुळी वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या कामासाठी झाला. पुढे त्याच प्रकारच्या कामाचा तो मुख्य शत्रू ठरणार होता.

धोका ओळखणारा माणूस लवकर भेटतो. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये ब्राम लूपस्ट्रा आणि कॅरेल स्कोल्टेन यांनी एक्स१ या नव्या संगणकात इंटरप्टची सोय घालायचे ठरवले, तेव्हा त्याचा प्रोग्राम लिहिण्याची जबाबदारी असलेला तरुण एड्सखर डाइक्स्ट्रा चक्क घाबरला. त्याचे म्हणणे साधे होते. आजवर यंत्र तेच प्रश्न दिल्यावर तसेच वागत असे. चूक झाली तर ती पुन्हा घडवून पाहता येई. आता घंटा कधी वाजेल हे बाहेरचे जग ठरवणार. दोन सूचनांच्या नेमक्या कोणत्या फटीत व्यत्यय येईल हे सांगता येणार नाही, आणि जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती शोधायची कशी? अखेर सहकाऱ्यांनी त्याची समजूत काढली, आणि त्याच कामातून १९५९ चा त्याचा प्रबंध उभा राहिला. संगणकशास्त्राच्या इतिहासात या भीतीला एका किश्श्याची जागा मिळते. तिची योग्यता त्याहून मोठी आहे. पुढची सगळी कथा ही त्या भीतीचीच टीप आहे.

दहा वर्षांनी ही गोष्ट चंद्रावर पोचली. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान उतरत असताना संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याचे कारण मात्र क्वचितच नीट सांगितले जाते. यानावरील भेटीच्या रडारला आणि संगणकाच्या बाजूच्या मंडलांना मिळणाऱ्या विजेच्या लहरी एकमेकींशी जुळलेल्या नव्हत्या. परिणामी रडारची तबकडी स्थिर असूनही ती हलत असल्याचे खोटे ठोके संगणकात येऊ लागले, अगदी सेकंदाला १२,८०० पर्यंत. प्रत्येक ठोका मोजण्यासाठी स्मृतीचे एक आवर्तन, म्हणजे ११.७ मायक्रोसेकंद खर्च होत. गुणाकार केला, तर प्रत्येक सेकंदातील सुमारे १५ टक्के वेळ नाहीसा.

यातली बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे ठोके रूढ अर्थाने इंटरप्टही नव्हते. इंटरप्ट आला तर निदान प्रोग्रामची नोंद राहते, एक ठरावीक उपप्रोग्राम चालतो. येथे यंत्र दोन सूचनांच्या मध्ये गुपचूप एक आवर्तन काढून घेई आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नसे. त्याला फक्त एवढेच जाणवे, की घड्याळ आपल्यापेक्षा पुढे धावते आहे. उतरण्याच्या प्रोग्रामजवळ मोकळा वेळ मोजकाच होता. चोरी सुरू होताच कामे वेळेत संपेनात, नवी कामे त्यांवर रचली गेली आणि जागा संपली. यान वाचले ते हॅल लॅनिंग यांनी आखलेल्या प्राधान्यक्रमामुळे आणि अडचणीच्या वेळी सारे टाकून महत्त्वाची कामे तेवढी पुन्हा उचलण्याच्या व्यवस्थेमुळे. चोर पकडला गेला नाही. घराची घडी अशी होती की चोरी होऊनही चूल पेटती राहिली.

पुढच्या दोन दशकांत इंटरप्ट सर्वत्र रुजला. कळफलक दाबला की इंटरप्ट, चकतीवरून माहिती आली की इंटरप्ट. आणि यांहून मूलभूत असा एक: घड्याळाचा. प्रत्येक संगणकात ठरावीक अंतराने घड्याळ प्रोसेसरला टोचते आणि त्या क्षणी कार्यप्रणाली चालू काम थांबवून कोणाची पाळी आहे, कोणाला जागे करायचे, हे पाहते. या टोचणीला टिक म्हणतात. लिनक्समध्ये ती प्रथम सेकंदाला १०० वेळा होती; २.६ आवृत्तीत साध्या पीसीवर ती १,००० वर नेण्यात आली. एकाच प्रोसेसरवर पाच जणांची कामे वाटून करायची असतील तर टिकसारखी सोयीची गोष्ट नाही. प्रोसेसरवर एकच काम असेल आणि त्याला एका मायक्रोसेकंदाचाही खोळंबा परवडणार नसेल, तर मात्र ती निव्वळ छळ ठरते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिकोतील एका तंत्रसंस्थेत व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी यावर एक धीट तोड काढली. तिचे नाव आरटी-लिनक्स. त्यांनी लिनक्सच्या खाली एक छोटी कार्यप्रणाली सरकवली. सगळे इंटरप्ट आधी तिच्याकडे येत. काटेकोर कामे ती स्वतः उरकी आणि अख्खे लिनक्स हे तिच्या लेखी सर्वांत खालच्या प्राधान्याचे, रिकामपणी करायचे काम होते. लिनक्सने ‘इंटरप्ट बंद करा’ असा हुकूम सोडला तरी खरे इंटरप्ट बंद होत नसत. फक्त एक खूण केली जाई. राजा सिंहासनावर आणि कारभार पेशव्यांकडे, अशी ही मांडणी. कापणीयंत्रे चालवणाऱ्या मुक्त प्रणालींनी तिचा लाभ घेतला. तेथे मोटरला जाणारा ठोका क्षणभर जरी उशिरा गेला तरी धातूवर ओरखडा उमटतो.

आता पुन्हा लॉस अ‍ॅलमॉसकडे. तिघा संशोधकांनी तपासाची रीत अगदी साधी ठेवली. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक लांबीचे, एक मिलिसेकंदाचे कृत्रिम काम दिले. ते लाखो वेळा करायला लावले आणि प्रत्येक फेरीला प्रत्यक्षात किती वेळ लागला ते टिपले. कोठे कोणी मध्ये आले तर ती फेरी लांबणार. निष्कर्ष असा आला, की कार्यप्रणालीची किरकोळ कामे, देखरेख करणारे छोटे प्रोग्राम आणि पेट्या एकमेकींना ‘जिवंत आहात ना’ असे विचारत त्या हाका मिळून प्रत्येक प्रोसेसरचा अवघा काही टक्के वेळ खात होत्या. मग निम्मा वेळ गेला कुठे?

येथे ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हा हिशेब चालत नाही. सेजसारख्या प्रोग्राममध्ये हजारो प्रोसेसर एक पाऊल टाकतात, उत्तरांची देवाणघेवाण करतात आणि सर्वांचे पाऊल पडल्याशिवाय पुढचे टाकत नाहीत. दिंडीत एकाच्या चपलेचा बंद तुटला की अख्खी दिंडी थांबावी, तसे. समजा, एका पावलात एखादा प्रोसेसर अडखळण्याची शक्यता हजारात एक आहे. एकट्यासाठी ती नगण्यच. परंतु ४,०९६ प्रोसेसरांपैकी एकही न अडखळण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी उरते. म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव पावलांत कोणी ना कोणी थांबलेला असतो, आणि त्याच्यासाठी सारे. चौथा प्रोसेसर रिकामा ठेवल्यावर वेग का वाढे, हेही आता उलगडते: किरकोळ कामांना बसायला ओसरी मिळे, म्हणून ती आतल्या खोलीत शिरत नसत.

उपाय स्वस्त होते. नको असलेले देखरेखीचे प्रोग्राम काढले, काहींच्या फेऱ्या कमी केल्या, काही एकाच पेटीवर गोळा केले. एकही नवा भाग विकत न घेता सेज दुप्पट वेगाने चालू लागला. या निबंधानंतर कार्यप्रणालीच्या या कुरबुरीला ‘गोंगाट’ म्हणून मोजण्याची शिस्त जोमाने रुजली. त्यातली खरी शिकवण आकड्यांच्या पलीकडची होती. सरासरीने सारे आलबेल दिसत होते. घात सर्वांत वाईट क्षणाने केला होता. गोंगाट नष्ट झालेला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती.

ही दुसरी गोष्ट लवकरच घराघरांतल्या यंत्रांना लागू झाली. २००५ पासून साध्या संगणकांत एका चिपवर दोन, मग चार, मग कित्येक कोअर येऊ लागले. तोवर प्रोसेसर दुर्मीळ, म्हणून तो क्षणभरही रिकामा राहू नये याची चिंता होती. आता कोअर मुबलक झाले आणि दुर्मीळ झाली ती शांतता. मग काही कोअर ‘घरकामा’साठी ठेवावेत आणि उरलेले काटेकोर कामासाठी राखून त्यांच्या दाराची घंटाच काढावी, हा विचार पुढे आला.

घंटा काढणे किती अवघड आहे, हे मात्र हळूहळू कळत गेले. पहिली पायरी सोपी होती. लिनक्सला सुरू होतानाच सांगता येई की अमुक कोअरवर आपण होऊन कोणतेही काम टाकू नकोस. प्रत्येक उपकरणाचा इंटरप्ट कोणत्या कोअरकडे जावा, हेही लिहून देता येई. फक्त इंटरप्ट सर्वांत समान वाटणारा एक मदतनीस प्रोग्राम अनेक यंत्रांवर चालू असतो, त्याला आवरावे लागे, नाहीतर रात्री केलेली व्यवस्था सकाळी विस्कटलेली.

एवढे करूनही टिक उरतेच. ती तर प्रत्येक कोअरची स्वतःची. रिकाम्या कोअरची टिक बंद करण्याची सोय २००७ मध्ये आली. पण ती वीज वाचवण्यासाठी होती, आणि येथे कोअर रिकामा नसून पूर्ण कामात होता. फ्रेडेरिक वाइसबेकर यांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१३ च्या ३.१० आवृत्तीत चालू कामाच्या कोअरचीही टिक थांबवता येऊ लागली. अट एवढीच, की त्या कोअरवर चालायला तयार असलेले काम एकच असावे. पाळी ठरवायला दुसरा कोणी नसेल तर पाळीची घंटा कशाला? तरीही सेकंदाला एक टिक शिल्लक होती, कारण हिशेबाची काही कामे तिच्यावाचून अडत. हजारावरून एकावर आणणे हे यश खरे. पण ज्या कामाला एकही चालत नाही त्याच्यापुढे ते यश अपुरे. ती शेवटची टिक घरकामाच्या कोअरवर ढकलायला २०१८ उजाडले. एका घंटेसाठी पाच वर्षे.

त्याच सुमारास दुसरीकडून नवी गळती लागली. वेगवान साठवण उपकरणे प्रत्येक कोअरसाठी वेगळी रांग आणि वेगळा इंटरप्ट ठेवू लागली. वेगासाठी ही रचना उत्तम. पण हे इंटरप्ट कुठे जावेत हे कर्नल स्वतः ठरवी आणि वापरणाऱ्याला ते हलवता येत नसे. म्हणजे मालकाने दाराला कुलूप लावले तरी कारभाऱ्याकडे किल्ली होतीच. शक्यतो हे इंटरप्टही राखीव कोअरपासून दूर ठेवण्याचा पर्याय २०२० मध्ये आला.

मग कोअरांनी एकमेकांना दिलेल्या हाका. एका कोअरने स्मृतीचा नकाशा बदलला, तर इतरांनी आपल्याजवळची जुनी नोंद पुसावी म्हणून तो त्यांना इंटरप्ट धाडतो. येथे व्यत्यय आणणारे उपकरण नसून शेजारीच आहे, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. जुन्या नकाशावर चालणारा कोअर चुकीच्या घरात शिरेल.

शेवटी राहतो तो सर्वांत जुना चोर, नव्या वेषात. १९९० पासून इंटेलच्या चिपांत असा एक इंटरप्ट आहे जो कार्यप्रणालीला दिसतच नाही. तो आला की प्रोसेसर मदरबोर्ड बनवणाऱ्याने लिहिलेल्या गुप्त कोडमध्ये शिरतो, तापमान किंवा वीज यांची काही व्यवस्था करतो आणि परततो. मधला काळ कार्यप्रणालीच्या आयुष्यातून पुसला जातो. चंद्रावर उतरणाऱ्या प्रोग्रामला जे जाणवले तेच येथेही: आपण थांबलो नाही, तरी घड्याळ पुढे गेले आहे.

जो दिसत नाही त्याला पकडायचे कसे? ब्राझीलचे डॅनियल ब्रिस्टॉट डी ऑलिव्हेरा यांनी लिहिलेले ‘ओएसनॉइज’ हे साधन २०२१ च्या ५.१४ आवृत्तीत लिनक्समध्ये आले. त्याची रीत लॉस अ‍ॅलमॉसच्या तपासाशी नाते सांगणारी आहे. कोअरवर एक धागा अखंड घड्याळ वाचत राहतो. दोन वाचनांत ठरलेल्या मर्यादेहून मोठी फट पडली, तर त्या फटीत किती इंटरप्ट आले, कोणती इतर कामे चालली, हे तपासतो. कोणी ना कोणी सापडले तर चोरी घरातल्याची. फट आहे आणि नोंदवहीत कोणीच नाही, तर चोरी कार्यप्रणालीच्या खालून, यंत्राकडून झालेली. संशयितांची यादी रिकामी असणे हाच पुरावा मानणारी ही युक्ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी म्हणावी लागेल.

याला आज केवढी निकड आहे, हे मोबाइलच्या मनोऱ्यांवरून कळते. पूर्वी खास चिपांवर होणारे संदेशांचे गणित आता अनेक ठिकाणी साध्या सर्व्हरवर होते. ५जीच्या रूढ मांडणीत वेळेचे तुकडे अर्ध्या मिलिसेकंदाचे. त्या तुकड्याचे काम वेळेत झाले नाही तर तो तुकडा वाया. सरासरी उत्तम असून चालत नाही. दिवसाला असे कोट्यवधी तुकडे येतात आणि प्रत्येकाला आपली वेळ पाळावी लागते.

वेगवान जाळ्यांच्या क्षेत्रात तर इतिहासाचे चाक पूर्ण फिरले आहे. १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी दाखवून दिले होते, की जाळ्यावरून संदेश फार वेगाने येऊ लागले तर यंत्र नुसते इंटरप्ट घेण्यातच बुडून जाते आणि एकही संदेश पुढे पोचत नाही. दाराशी इतक्या वेळा जावे लागते की आलेले पत्र उघडायला सवड राहत नाही. आज अनेक प्रणाली राखीव कोअरवर जाळ्याचे इंटरप्ट बंदच करतात आणि कोअर स्वतः अखंड विचारत राहतो: आले का, आले का? १९५० च्या दशकात जी उधळपट्टी वाटत होती तीच आता चैन म्हणून पत्करली जाते. वीज जळते, चिप तापते. पण उत्तर वेळेवर मिळते.

लिनक्सच्या मूळ कर्नललाच काटेकोर बनवण्याचे काम इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी २००४–०५ पासून करत होते. त्यांनी इंटरप्टची बहुतेक कामे साध्या धाग्यांत बसवली, म्हणजे त्यांनाही प्राधान्याच्या रांगेत उभे केले. जवळजवळ वीस वर्षे हे काम मूळ वृक्षाबाहेर, ठिगळांच्या रूपात जगले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा शेवटचा तुकडा मुख्य लिनक्समध्ये दाखल झाला. या कामासाठी झटलेल्या डॅनियल ब्रिस्टॉट यांचे त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या ३७ व्या वर्षी निधन झाले होते.

शेजारी कोअरांच्या हाकांचा प्रश्न त्यानंतरही उरला. त्यावर पुढे आलेला एक प्रस्ताव असा: राखीव कोअर आपल्या कामात गुंतला असेल तर त्याला हाक मारूच नये, निरोप दाराशी ठेवावा, आणि तो कोअर स्वतःच्या गरजेने जेव्हा कर्नलच्या उंबऱ्यावर येईल तेव्हा आत पाऊल टाकण्यापूर्वी त्याने तो वाचावा. सगळेच निरोप असे थांबू शकत नाहीत. कोणता थांबेल आणि कोणता नाही, याची छाननी एकेक निरोप हातात घेऊन करावी लागते.